बासष्ट थेंबांचं पाणी

आमचे घरमालक कुणाकडेही गेले की आधी पाणी मागत, आणि ते पीत नसत. शर्टाच्या एका खिशातून डोळ्यांच्या औषधाची जुनी बाटली निघे, तिच्यात साबणाचं पाणी. दुसऱ्या खिशातून झाकणाची काचेची लहान बाटली. यजमानांनी आणलेल्या पेल्यातलं थोडं पाणी तिच्यात ओतायचं, साबणाचा एक थेंब टाकायचा, झाकण लावून खळखळ हलवायचं आणि उजेडात धरून बघायचं. फेस येऊन विरला की पुढचा थेंब. फेस टिकतोय असं वाटलं की ते एकोणतीसचा पाढा म्हणायला घेत. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद होईपर्यंत फेस जागेवर राहिला, तर मोजणी संपे. मग यजमानांकडे बघून ते गंभीरपणे सांगत, "सव्वीस." घरातली माणसं एकमेकांकडे बघत. तोवर चहा निवलेला असे.

मुलांनो, परवा तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर तुमच्या तळघरातलं ते उंच मशीन दाखवलंत. तुमचा बाबा त्यात मिठाची गोणी रिकामी करत होता, आणि धाकटीने विचारलं की आजी, प्यायच्या पाण्यासाठी मीठ कशाला घालतात? बाबाने दिलेलं उत्तर मला पटलं नाही, तुम्हालाही पटलेलं दिसलं नाही. म्हणून मी हे लिहायला बसले. मला गोष्टी क्रमाने मांडायची सवय आहे, पण हा माणूस क्रमात बसणारा नव्हता. तेव्हा जे जसं आठवेल तसं सांगते. त्यांचं नाव सांगत नाही. आयुष्यभर त्यांनी दारावर पाटी लावली नाही, ती मी कशाला लावू?

तुमचे आजोबा आणि मी निवृत्तीनंतर रोह्याला नदीपलीकडे अष्टमीत राहायला आलो, ते यांच्या वरच्या मजल्यावर. घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी आमच्या नोकऱ्या विचारल्या नाहीत, माणसं किती हेही विचारलं नाही. विचारलं ते असं: "बाई, तुमच्याकडे डाळ कुठली शिजते? तूर की मूग?" मी म्हटलं, बहुतेक तूर. त्यांचा चेहरा पडला. आमच्या बोअरचं पाणी तुरीला चालत नाही, तेव्हा तुम्हाला माझ्या पिंपातलं पाणी घ्यावं लागेल, असं ते एखादा जुना आजार कबूल करावा तसं म्हणाले. जिना उतरताना तुमचे आजोबा मला हळूच म्हणाले, दुसरं घर बघू या. मी म्हटलं, भाडेकरूच्या डाळीची काळजी करणारा मालक पुन्हा मिळायचा नाही.

हे गृहस्थ धाटावच्या बाजूला एका रासायनिक कंपनीत बॉयलरवर होते. बत्तीस वर्षं तिन्ही शिफ्ट केलेल्या. बॉयलरला बोअरचं पाणी सरळ देता येत नाही. त्यात चुन्यासारखे क्षार असतात, ते नळ्यांच्या आत थर धरतात आणि नळ्या तुंबतात. म्हणून कंपन्या ते पाणी आधी मऊ करून घेतात. शाळेच्या पुस्तकात जड पाण्याला दुष्फेन म्हणतात, म्हणजे ज्याला फेस यायला जड जातं ते. आमच्या घरमालकांचं सगळं आयुष्य एका वाक्यावर फिरत होतं, आणि ते वाक्य त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. "बॉयलरला मऊ पाणी आणि बॉयलरवाल्याला बोअरचं. बत्तीस वर्षं मी हे बघितलं, बाई. कंपनीचं चुकलं नाय. बॉयलर बंद पडला की कळतं. माणूस बंद पडत नाय, नुसता कुरकुरतो."

निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या कुरकुरीची बाजू घेतली. जिथे जातील तिथलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. त्यांच्या डोक्यात रोह्यापासून पेणपर्यंतचा नकाशा रस्त्यांचा नव्हता, थेंबांचा होता. लोकांची ओळखही तशीच. अमके म्हणजे चौदा थेंबवाले, तमके एकतीसवाले. एकदा शेजारच्यांनी मुलासाठी एक स्थळ विचारलं, ते घर यांच्या माहितीतलं होतं. यांनी बराच विचार करून सांगितलं की मुलगी गुणी आहे, माणसं चांगली आहेत, पण बोअर अडतीस थेंबांची आहे, केस राहायचे नाहीत. लग्न झालं. बारशाला गेलो तेव्हा ते सुनेच्या वेणीकडे बराच वेळ बघत होते, आणि मला फार संकोचल्यासारखं झालं.

लोकांच्या गिझरमधून, बंबातून निघालेले क्षारांचे पापुद्रे ते मागून आणत. गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत कापूस घालून ठेवत, वर गावाचं नाव. असे शे-दीडशे डबे काचेच्या कपाटात मांडलेले. काकू, म्हणजे त्यांची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला ते कपाट दाखवून म्हणत, "लोक पोरांचे पडलेले दात जपतात. आमचे हे गिझरचे जपतात." ते मुळीच रागावत नसत. उलट एखादा डबा उघडून त्यातला तुकडा पाहुण्यांच्या हातावर ठेवत. बघा, हे तुम्ही रोज पिताय.

आता ज्या दगडाने ते पाणी मऊ करत, त्या दगडाकडे वळते. आपल्याकडच्या काळ्या खडकात कुठे कुठे पोकळ्या असतात, आणि त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक वाढलेले असतात. खडीच्या खाणीत सुरुंग लागला की ते उघडे पडतात. खाणवाल्याला त्यांचा उपयोग नसतो, खडीत ते कच्चे ठरतात. चांगले दिसणारे तुकडे व्यापारी कागदात गुंडाळून नेतात, शोकेसमध्ये ठेवायला. फुटकेतुटके पडून राहतात. आमचे घरमालक स्कूटरवरून कोलाडकडच्या एका खाणीवर जात आणि कामगारांना डब्यातले लाडू देऊन ते फुटके तुकडे गोणीत भरून आणत. एकदा मी एका स्फटिकाचं कौतुक केलं. तो खरोखर सुंदर होता, उमलत्या फुलासारखा. म्हटलं, हा मी टेबलावर ठेवू का? त्यांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "शोकेसमध्ये बसला की दगड वाया गेला, बाई," असं म्हणून त्यांनी तो लोखंडी खलात टाकला.

या दगडाला इंग्रजीत झिओलाइट म्हणतात. त्यांना रसायनं कळत, पण इंग्रजी अडखळत वाचत, म्हणून कुठून कुठून मिळवलेले लेख घेऊन संध्याकाळी वर येत. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. मी शब्दकोश काढून त्यांना सांगितलं की या नावाचा मूळ ग्रीक अर्थ उकळणारा दगड असा आहे. ते खाली धावत गेले, एक तुकडा आणला आणि माझ्या गॅसवर चिमट्यात धरला. दगड पांढरा फटक होऊन फुगला, त्यातून वाफ निघाली, बुडबुडे आल्यासारखे दिसले. आम्ही दोघं सत्तरीकडे झुकलेली माणसं त्या शेगडीसमोर वाकून बघत होतो. "याच्या पोटात रिकाम्या खोल्या आहेत," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. देवळात बोलतात तसं.

त्या खोल्यांचं काम ते कंपनीच्या बसच्या भाषेत सांगत. दगड म्हणजे बस. तिच्यात सोडियम आधीच बसून आलेला. स्टॉपवर पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चढतात. ते अंगाने दांडगे, एकेक जण दोन सोडियमना उठवून जागा घेतो. उठलेले सोडियम पाण्याबरोबर खाली उतरतात, दांडगे दगडात अडकतात, पाणी मऊ होतं. बस भरली की आणखी कुणाला जागा नाही, पाणी पुन्हा जड. मग मिठाचं घट्ट पाणी त्या दगडावर ओतून ठेवायचं. मीठ म्हणजे सोडियमचीच गर्दी. ती गर्दी दांडग्यांना खिडकीतून बाहेर काढते आणि बस पुन्हा पहिल्यासारखी. धाकटे, तुझ्या बाबाची गोणी हेच करते. मीठ पाण्यासाठी नसतं, पाणी मऊ करणाऱ्यासाठी असतं.

जड पाण्याच्या घरी ते असं दगडाचं पिंप बसवून देत, पण खोटं काही सांगत नसत, हे त्यांचं मला फार मोठं वाटे. हे पाणी मऊ होतं, शुद्ध होत नाही, उकळायचं ते उकळायलाच हवं, असं ते प्रत्येकाला बजावत. खारट पाणी याने गोड होत नाही, हेही. या पाण्यात सोडियम उतरलेला असतो आणि काकूंना रक्तदाब होता, म्हणून त्यांना हे पाणी प्यायला बंदी होती. त्यांचा हंडा नळाच्या पाण्याचा, वेगळा. काकू म्हणत, "गावाला पाजतात आणि घरात नाय."

त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला नेहमी आठवतो तो एकच आठवडा. तोच तुम्हाला सांगायचा आहे.

काकूंचं माहेर पेणच्या खारेपाटात. खाडीकाठचं गाव, भातशेती आणि मिठागरं. तिथली हिरा नावाची बाई एका शनिवारी अष्टमीत आली. ही काकूंच्या माहेरची शेजारीण, वयाने लहान, म्हणून त्यांना ताय म्हणे आणि आमच्या घरमालकांना भावजी. नवरा मिठागरावर होता, तो वारलेला. मिठाचं काम वर्षातले चार महिने, तेही कमी होत चाललेलं. गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवण्याचं काम हिरा आणि तिच्या बचत गटातल्या तिघीजणी करत. तिचं घर त्या एका पातेल्यावर चाले.

अडचण अशी झाली होती की शाळेत नवी बोअर मारली, आणि तेव्हापासून डाळ शिजेना. दोन दोन तास चूल जाळली तरी दाणा अख्खा. सोडा घातला तर शिजे, पण पोरं तोंड वाकडं करून ताट सरकवत. आईबापांनी तक्रार केली. येत्या शुक्रवारी साहेब तपासणीला येणार होते. त्या दिवशी डाळ कच्ची निघाली तर जेवण पेणच्या एका ठेकेदाराकडून डब्यांत यायचं, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं. हिरा हे सगळं काकूंच्या ओट्यापाशी उभी राहून सांगत होती. शेवटी म्हणाली, "मी चांगला रांधते गो ताय. पानीच वैरी झालाय."

आमचे घरमालक बाहेरच्या खोलीत वही लिहीत होते. ते आत आले आणि चप्पल घालायला लागले. काकूंनी विचारलं, कुठे? म्हणाले, बघून येतो. हिराने अजून चहासुद्धा घेतला नव्हता.

रविवारी रात्री ते परत आले आणि जिन्याखालूनच मला हाक मारली. "बाई, बासष्ट!" एवढा मोठा आकडा त्यांच्या वहीत आजवर नव्हता. त्यांचा चेहरा उजळलेला होता, जसा एखाद्या वैद्याचा अवघड रोगी बघून उजळतो.

सोमवारी सकाळी टेम्पोतून दगडाच्या अकरा गोण्या निघाल्या, जोंधळ्याएवढा कुटलेला, चाळलेला, धुतलेला दगड. काकू माहेरी जायचं म्हणून निघाल्या, आणि नोंदी ठेवायला कुणीतरी हवं म्हणून मी. पेणहून मिनीडोर रिक्षाने गावात पोचलो तोवर टेम्पोबरोबर पुढे गेलेल्या घरमालकांनी शाळेमागे दोन निळी पिंपं उभी करून तळाला नळ बसवले होते. अर्धं गाव जमलं होतं. गावचा जावई आलाय, तो दगडाने पाणी गाळणार, ही बातमी सगळीकडे झालेली.

दगड तयार करायला मिठाचं घट्ट पाणी लागतं. ते कुठून आणायचं म्हणून घरमालक बांधावर गेले. तिथे मिठाच्या वाफ्यांतून मीठ ओढून झालं होतं, आणि तळाशी उरलेलं दाट, तेलकट पाणी माणसं बाहेर सोडत होती. त्यांनी अंडं मागवलं. त्या पाण्यात अंडं चेंडूसारखं तरंगलं. ते आनंदाने वेडे झाले. मीठ विकत घ्यायला नको, विरघळवायला नको, एवढं घट्ट पाणी आयतं मिळतंय, आणि हे लोक ते फेकून देताहेत. त्यांनी कावडीने तेच पाणी आणवून दोन्ही पिंपांत ओतलं. हिरा तेव्हा काहीतरी म्हणायला पुढे आली होती, हे मी पाहिलं. म्हणाली, "भावजी, ता पानी..." पण त्यांनी तिला कंपनीच्या बसची गोष्ट सुरू केली, ती अर्धा तास चालली. हिरा पदर नीट करत ऐकत राहिली. बाकीची माणसंही माना हलवत राहिली.

मंगळवारी दुपारी ते पाणी काढून टाकलं, दगड धुतला आणि शाळेच्या बोअरचं पाणी पिंपांतून सोडलं. ते नळातून संथ, चकचकीत खाली आलं. पोरं शाळा सोडून कठड्यावर बसली होती. घरमालकांनी बाटली भरली आणि थेंब टाकायला सुरुवात केली. मी आकडे लिहीत होते. वीस झाले. चाळीस झाले. साठला त्यांनी एकदा वर बघितलं. सत्तर. ऐंशी. नव्वदाव्या थेंबाला त्यांनी बाटली खाली ठेवली. फेस नव्हता. पाणी होतं त्यापेक्षा जड झालं होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. म्हातारी माणसं आपापल्या कामाला निघाली, मुख्याध्यापकांनी पोरांना वर्गात हाकललं. घरमालक पिंपाशेजारी मातीतच बसले. त्यांनी मुठीत थोडे दगड घेतले होते आणि ते बोटांनी चोळत होते. काकू त्यांना पाणी द्यायला गेल्या, ते त्यांनी नुसतं धरून ठेवलं. शुक्रवार तीन दिवसांवर होता. मला दिसत होती ती हिरा, चुलीजवळ उभी, आणि तिच्या मागे ते भलं मोठं काळं पातेलं.

मग हिरा येऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"भावजी, ता कडू पानी हाय. मीठ ओढल्यावर जा रवतं ता. आमी त्याला शिवत नाय. हात फाटतो."

त्यांनी मान वर केली. "कडू म्हणजे कसं?"

"जिभेवर ठेवा."

पिंपाशेजारच्या बादलीत ते पाणी थोडं उरलं होतं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मी त्यांच्याकडे बघत होते. चेहरा आधी आंबला, मग एकदम स्थिर झाला. ते फक्त एकच शब्द बोलले, "मॅग्नेशियम."

मुलांनो, समुद्राच्या पाण्यातून मीठ आधी बाहेर पडतं आणि मॅग्नेशियम मागे उरतं. ज्याला हाकलायला हा माणूस बत्तीस वर्षं झटला, तेच त्याने पिंप भरभरून आत ओतलं होतं. त्यांच्याच भाषेत, बस रिकामी करायला गेले आणि दांडग्यांची वरात आत घातली. आणि ते पाणी वाईट आहे हे त्या गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कावडीने आणणाऱ्यालासुद्धा.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

हिराने काकूंकडे बघितलं, मग खाली. "तुमी जावई. गावच्या जावयाला कोन बोलनार, नको म्हून?"

मला वाटलं, आता ते चिडतील. निदान ओशाळतील. शाळेत मी पंचवीस वर्षं मुलांना सांगत आले की चूक झाली तर मोठ्याने कबूल करा, पण मोठ्या माणसाने असं केल्याचं फारसं पाहिलं नव्हतं. हे उठले, धोतराची माती झटकली, आणि मुख्याध्यापकांकडे जाऊन घंटा वाजवायला सांगितली. गेलेली माणसं परत आली. त्यांच्यासमोर त्यांनी आपण काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं, काही लपवलं नाही. हेही सांगितलं की अंडं तरंगलं म्हणून मी भुललो, पाणी घट्ट आहे एवढंच बघितलं, कशाने घट्ट आहे ते बघितलं नाही, आणि हिरा बोलायला आली तेव्हा मी तिला बसमध्ये बसवलं. तेव्हा कुठे माणसं हसली. शेवटी ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत मी या गावचा जावई नाय. कामगार म्हणून घ्या मला. हिरा फोरमन. हिरा, बोल आता, काय करायचं?"

हिरा लाजली, पण बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. कडू पाणी नकोच. नवं मीठही नको, त्यालाही तो कडूपणा चिकटलेला असतो, नवी रास महिनोन्‌महिने गळत असते. गेल्या वर्षीची जुनी रास हवी, पेंढ्याने शाकारून पावसाळा काढलेली. तिच्यातलं कडू पाणी ओघळून ओघळून जमिनीत गेलेलं असतं. लोणच्याला बायका तेच मीठ नेतात. "रडून झालेला मीठ," ती म्हणाली. "त्याला आता पानी सुटत नाय." अशी एक रास पलीकडच्या बांधावर शिल्लक होती, आणि ती कुणाची आहे हेही तिला माहीत होतं.

घरमालकांनी दोन्ही मिठं मागवली आणि चिमूट चिमूट जिभेवर ठेवून पाहिली. नवं, जुनं, पुन्हा नवं. मग त्यांनी माझ्याकडून वही घेतली. हिराला पहिल्यापासून परत सांगायला लावलं आणि तिचे शब्द जसेच्या तसे स्वतः लिहून घेतले. ते लिहिताना मधूनमधून विचारत होते, मग? मग काय होतं? मी त्यांना इतके लेख वाचून दाखवले होते, पण एकाही लेखाला त्यांनी असे कान दिले नव्हते.

पुढचे दोन दिवस मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सत्तरीचा माणूस गुडघ्यापर्यंत धोतर खोचून बादल्या ओढत होता. अकरा गोण्या दगड पिंपांतून उपसून तो पुन्हा पुन्हा धुतला, आता कडूपणा उरू द्यायचा नाही म्हणून प्रत्येक धुण्याचं पाणी हिरा चाखे आणि मान हलवे. तिने मान हलवली की हे पुढची बादली आणत. जुन्या मिठाचं पाणी करून मंगळवारी संध्याकाळी एकदा ओतलं, बुधवारी ते काढून दुसऱ्यांदा. मिठागरावरची माणसं आपलं काम आटोपून येत आणि न सांगता हात लावत. आता कुणी माना डोलवत नव्हतं. "असा नाय, तिरका धरा," "पानी दमानी सोडा, भावजी, धावडवू नका," असे हुकूम चारी बाजूंनी येत होते आणि ते पाळले जात होते.

गुरुवारी दुपारी पाणी सोडलं. या वेळी त्यांनी बाटली हिराच्या हातात दिली. तिने थेंब टाकले, हलवलं, टाकले, हलवलं. अकराव्या थेंबाला बाटलीत पांढरा फेस उभा राहिला. पाढा तिला येत नव्हता. कठड्यावरच्या पोरांनी सगळ्यांनी मिळून म्हटला, आणि दोनशे नव्वदला फेस होता तिथेच होता. मी वहीत अकरा लिहिलं.

पण डाळ अजून शिजायची होती. पाणी मऊ झालं म्हणजे सगळं झालं असं मला वाटत होतं, हिराला वाटत नव्हतं. शुक्रवारी तिने साठ पोरांची डाळ पिंपातल्या पाण्यात चढवली तेव्हा साडेनऊ झाले होते. साहेब साडेअकराला यायचे होते. तिघीजणी भाताचं बघत होत्या, ही चुलीपुढे. घरमालक स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, आत जात नव्हते. दहा वाजता तिने पळीवर दाणा काढून दाबला आणि परत टाकला. सव्वादहाला परत. पावणेअकराला तिने एक दाणा काढला, अंगठ्याने तळहातावर दाबला, आणि तसाच हात पुढे करून दारापाशी आली. दाण्याचा पिवळा लगदा झाला होता. तिने तो भावजींना दाखवला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. मग तिने हात पदराला पुसला आणि फोडणीला लसूण ठेचायला गेली.

साहेब आले, पोरांच्या पंगतीला बसले, दोनदा डाळ मागून घेतली. शाळेच्या वहीत दोन ओळी लिहिल्या. जेवण समाधानकारक, बचत गटाचं काम चालू ठेवावं. पिंपांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. मुख्याध्यापक दाखवायला निघाले होते, घरमालकांनीच त्यांना थांबवलं.

आम्ही निघालो तेव्हा हिरा शाळेच्या फाटकापर्यंत आली. तिने काकूंना वाकून नमस्कार केला, मला केला. मग त्यांच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडेल. ती सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "भावजी, दगड कदी धुवायचा ता मना कळलाय. मीठ आमचाच हाय. आता तुमी नाय आलात तरी चालल."

पेण स्टेशनवर रोह्याची गाडी यायला वेळ होता. काकू बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होत्या. मला ते वाक्य लागलं होतं. ज्या माणसाने पाच दिवस पाठ मोडून घेतली त्याला असं तोंडावर सांगायचं? मी तसं बोलून दाखवलं. तर ते माझ्याकडे असं बघायला लागले, जसं मी इंग्रजीतला एखादा सोपा शब्द चुकीचा वाचला होता.

"बाई," ते म्हणाले, "बत्तीस वर्षांत मला असं कोणी बोललं नाय. बॉयलर तर रोज बोलवायचा."

मग त्यांनी ते वाक्य तिच्याच बोलीत स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं, आता तुमी नाय आलात तरी चालल. आणि परत एकदा. गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत असतानाही त्यांचे ओठ हलत होते.

शनिवारी सकाळी फाटक वाजलं म्हणून मी गॅलरीतून खाली पाहिलं. ते स्कूटर बाहेर काढत होते. पुढ्यात दगडाची गोणी होती. मी विचारलं, खारेपाटात निघालात का, हिराकडे?

"तिथे आता माझं काय काम?" ते म्हणाले, आणि निडी गावच्या रस्त्याला लागले.